पाडव्याला पडलेला गोळा

कडुनिंबाचा पाला तोंडात होता, गूळ अजून हातातच होता, तेवढ्यात फोन वाजला. पाडव्याच्या सकाळी पोलिसाच्या घरी फोन वाजला की बायकोच्या तोंडाकडं बघायचं नसतं. फौजदार शिवप्रसाद हत्तरकींनी बघितलं नाही.

"शिरोली एमआयडीसीतनं बोलतोय साहेब. फाउंड्रीचा मॅनेजर, विजयसिंह सरनोबत. आभाळातनं गोळा पडलाय. आमच्या भट्टीवाल्याच्या डोक्यात. संपला बिचारा."

"आभाळातनं?"

"पेपर वाचत न्हाई काय? रशियाचं ते मीर. त्याचाच मागं राहिलेला तुकडा."

मीर हे अंतराळस्थानक तीन दिवसांपूर्वी पार पॅसिफिक महासागरात पडलं होतं. पण त्या आठवड्यात मंगळवार पेठेतल्या चहाच्या गाड्यावरही लोक एक डोळा वर ठेवून चहा पीत होते. हत्तरकींनी गूळ तोंडात टाकला आणि जीप काढायला सांगितली.

फाउंड्री मागच्या रस्त्याला, लहानशी. चारी बाजूंनी बारा फुटी भिंत, वर काचा, आणि आत-बाहेर करायला एकच फाटक. सणाची सुट्टी, त्यात एमआयडीसी बंद असायचा सोमवार. आत मोजून चार माणसं आणि पाचवा तो पडलेला.

भंगाराच्या शेडमध्ये वर सिमेंटच्या पत्र्याला हे एवढं भगदाड. त्याच्याखाली काळ्या वाळूत एक करडा गोळा रुतून बसलेला, मोठ्या कळशीएवढा, वर भाजल्याचे डाग. शेजारी कृष्णात भट्टीवाला पालथा पडला होता. त्याच्या पाठीवर, डोक्यावर पत्र्याचे तुकडे होते. हत्तरकींनी आधी गोळ्यावर हात ठेवून बघितला. गार होता. मग डोक्यावरचा तुकडा उचलला. खाली रक्त सुकून काळं झालं होतं, आणि तुकड्याच्या खालच्या बाजूला त्याचा ठिपकासुद्धा नव्हता. त्यांनी तुकडा बाजूला ठेवला आणि मानेला बोटं लावली.

"अरे, जित्ता हाय की ह्यो!"

मॅनेजर सरनोबतांचा चेहरा पांढरा पडला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा माणूस. "देव पावला," ते म्हणाले. "थांबा, मालकांना फोन करून येतो." आणि ऑफिसकडं जवळजवळ पळतच गेले.

डोक्याची जखम, मान हलवायची नाही, असं कुठल्याशा शिबिरात शिकवलेलं हत्तरकींना नेमकं तेव्हाच आठवलं. त्यांनी ड्रायव्हरला जीप घेऊन ॲम्ब्युलन्स आणायला पिटाळलं. पुढं दिवसभर ते स्वतःला शिव्या घालत राहिले. उचलून जीपमध्ये घातला असता तर प्रश्नच मिटला असता.

ॲम्ब्युलन्स आली, पण तिच्या आधी अग्निशमनची गाडी आली. तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांनी फाटक बाहेरून ओढून घेतलं आणि साखळी घातली.

"ए! काय चाललंय?" हत्तरकी ओरडले.

"वरनं हुकूम हाय साहेब. आतलं कोण भाईर न्हाय, भाईरचं कोण आत न्हाय."

ऑफिसातला फोन वाजला. मोठे साहेब होते. "हत्तरकी, तुम्ही त्या वस्तूला हात लावलात?"

"लावला सर."

"मग तुम्हीही आतच. पुण्याच्या एका प्राध्यापकांचा कंट्रोलला फोन आलाय. असल्या गोळ्यात रॉकेटचं विषारी इंधन असतं. बुडाला पेन्सिल जाईल एवढं भोक आहे, त्यातनं वायू गळतोय म्हणाले. पुण्याहून पथक निघालंय. सात वाजेपर्यंत पोचेल."

"सर, इथं एक माणूस मरायला टेकलाय."

"आणि तो बाहेर आला तर दवाखान्यातले शंभर मरतील. जबाबदारी तुम्ही घेता?"

हत्तरकींनी रिसिव्हर ठेवला. फाटकाच्या गजांतून लांबूनच डॉक्टरनं कृष्णातकडं बघितलं, नाडीचे ठोके विचारले, डोळ्यांत बॅटरी मारायला लावली. मग म्हणाला, "आत रक्त साचतंय. दोन वाजेपर्यंत टेबलावर घेतला तर वाचेल. सातपर्यंत नाही टिकणार."

साडेदहा वाजले होते. हत्तरकींनी साखळीकडं बघितलं. आठ वर्षांचे असताना मामाच्या गावी ते जमिनीखालच्या ज्वारीच्या पेवात उतरले होते, आणि वरून कुणीतरी न बघता झाकण घातलं होतं. तेव्हापासून घरात ते न्हाणीचं दारसुद्धा पुरतं लावत नसत. आता घाम कानामागून वाहायला लागला. त्यांना भीती वाटत होती, आणि ती लपवण्याचं त्राणही नव्हतं.

पण डोक्यात एक गोष्ट खुटखुटत होती. रक्त आधी सुकलं, आणि पत्रा मागून पडला. म्हणजे कृष्णातला मारलं होतं. मारणारा ह्याच भिंतींच्या आत होता. आणि सात वाजेपर्यंत फाटक बंद राहिलं, तर बोलणारं तोंड कायमचं बंद होणार होतं.

कृष्णातला सावलीत, फळीवर घेतला होता. त्याच्या उशाशी बसून एक बाई ओठांवर ओल्या फडक्यानं पाणी टिपत होती. ही झाडलोट करणारी झुंबरबाई.

"बाई, तुम्ही ह्याच्या कोण?"

"कोण न्हाय."

"मग?"

"माझा मालक सयाजी हितंच भट्टीवर व्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी फुटली, अन् त्यो गेला." तिनं फडकं पिळलं. "बंद डबा भट्टीत टाकायचा नस्तो. आधी भोक पाडायचं, मग टाकायचा. लहान पोराला ठावं हाय. त्यानं तसाच टाकला."

"कुणी?"

तिनं हनुवटीनं फळीकडं दाखवलं. नाव घेतलं नाही. "समदी तसंच म्हनली. मॅनेजर सायेबांनीच लिवून दिलं. पाच महिनं ह्याच्या सावलीला उभी न्हाय ऱ्हायले मी."

"मग पाणी का देताय?"

"मरताना पानी बी देऊ नगं म्हंता काय?" ती फटकन म्हणाली. "पोलीस हाय का कोण तुमी?"

"सकाळी किती वाजता आलात?"

"आटाला. गुलमोहराखाली झाडत व्हते. मोटा आवाज झाला तवा पळत आले."

कारण होतं, आणि जागेवर होती. हत्तरकींनी तिचं नाव मनात नोंदवलं. वाईट वाटलं, पण नोंदवलं.

मग वॉचमन पिराजी. सत्तरीकडं झुकलेला, थरथरणारा. तो आणि फिटर बाळासो शेडपासून पार लांब, फाटकाच्या कोपऱ्यात तोंडाला टॉवेल गुंडाळून बसले होते.

"आवाज झाला तेव्हा तू कुठं?"

"फाटकावर. गेलो तर सायेब शेडच्या दारात. म्हनले, आभाळातनं पडला रं, कृष्णात मेला."

"कृष्णात सुट्टीच्या दिवशी कशाला आलेला?"

"काय ठावं. काल जाताना मला म्हनला, मामा, उद्या माझा खरा पाडवा हाय बघा. त्या वाळूच्या ढिगात काय तर हुडकणार म्हनत व्हता."

"मालक कुठायत?"

"तिरुपतीला गेल्यात की. आता आगगाडीत असतील. परवा याचं."

बारा वाजून गेले. सिमेंटचे पत्रे तापून भट्टीशिवायच भट्टी झाली. बाहेर रस्त्यावर गर्दी जमली होती, भोंग्यावरून कुणीतरी सारखं "घाबरू नका" म्हणत होतं आणि आतल्यांना जास्तच भीती वाटत होती. पिराजी मोठ्यानं रडायला लागला. सरनोबत मात्र शेडमध्येच, त्या गोळ्यापासून हातभर अंतरावर, खाटेवर बसले होते. तिथं वारा होता. त्यांनी डबा उघडून पुरणपोळी खाल्ली.

"साहेब, तुम्हीही लांब बसा," ते हत्तरकींना म्हणाले. "विषारी वायू आहे. पथक येईपर्यंत कुणी काही करू नये."

"पोळीला तूप हाय काय?" हत्तरकींनी विचारलं.

"अं? आहे की."

"खावा, खावा."

हत्तरकींनी एकदा पोळीकडं, एकदा गोळ्याकडं बघितलं. मग त्यांनी बाह्या सारल्या, गोळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि उलटा केला. मणभर जड असेल असं वाटलेलं धूड भोपळ्यासारखं सहज फिरलं. सरनोबत ताडकन उठले. "अहो, काय करताय!"

बुडाला भोक होतं. पेन्सिल जाईल एवढंच. त्याच्या शेजारी दुसरं एक भोक अर्धवटच राहिलं होतं, आणि त्यात काहीतरी काळं अडकलं होतं.

"बाळासो! इकडं ये."

"न्हाय साहेब, वायू..."

"मी मेलो का? ये!"

बाळासो आला, टॉवेलाचा बोळा नाकावर धरून. चाळीस वर्षांचा, हाताला ग्रीसचा वास. गोळा बघितला आणि बोळा आपोआप खाली आला.

"हे भोक पडून झालंय का पाडलंय?"

"ड्रिल मारलंय. कडंला जागा धरायला मारलेला पंचाचा ठोका बी हाय बघा. हितं पयलं मारत व्हतं, ड्रिल मोडला, टोक आतच ऱ्हायलं. मग शेजारी दुसरं मारलं."

"आणि हा धातू कुठला? लोखंड?"

बाळासो हसला. "आमी असं बघत न्हाय साहेब." फाउंड्रीत आलेलं अनोळखी भंगार नुसत्या डोळ्यांनी कुणी ओळखत नाही. ग्राइंडरला लावायचं आणि ठिणगी बघायची. बिडाची ठिणगी लाल आणि आखूड, पोलादाची पिवळी आणि फुटणारी. दोघांनी गोळा उचलून ग्राइंडरजवळ नेला आणि त्याचा बाहेर आलेला कान दगडाला टेकवला.

ठिणग्या पांढऱ्याशुभ्र उडाल्या. डोळे दिपले.

बाळासोनं झटकन मशीन बंद केलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"काय झालं?"

"असल्या ठिणग्या मी एकदाच बघितल्यात. सयाजी गेला त्या दिवशी, भट्टी फुटल्यावर. समदं आभाळ पांढरं झालतं."

झुंबरबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

हत्तरकींनी घड्याळ बघितलं. एक वाजायला दहा मिनिटं. "बाळासो, इथं ड्रिल मोडला की त्याचं काय करता?"

"टाकत न्हाय. मोडका जमा केल्याबिगर नवा द्यायचा न्हाय, असा मॅनेजर सायेबांचाच नियम हाय. मालकांना सुदिक मोडका आणून द्यावा लागतो. मी डालडाच्या डब्यात ठेवतो, कागदाला गुंडाळून, ज्यानं मोडला त्याचं नाव लिवून."

"डबा आण."

"साहेब," सरनोबत मधे आले, "हे काय चाललंय? सुट्टीच्या दिवशी स्टोअर उघडायला माझी परवानगी लागते."

"मग द्या की परवानगी."

बाळासोनं परवानगीची वाट बघितली नाही. डबा आला. पस्तीस-चाळीस पुड्या. त्यांतल्या एकीतला ड्रिल जळून निळा पडला होता आणि त्याच्या खोबणीत चंदेरी कीस चिकटला होता. हत्तरकींनी त्याचं तुटकं तोंड अर्धवट भोकातल्या टोकावर ठेवलं. बशीच्या दोन तुकड्यांसारखं ते जागच्या जागी बसलं.

त्यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात टाकला आणि सगळ्यांना फाटकापाशी बोलावलं. पिराजीला ऑफिसातला फोन वायर ओढून फाटकापर्यंत आणायला लावला, आणि मोठ्या साहेबांना लावला.

"सर, ऐकत राहा. हा गोळा आभाळातनंच पडलाय."

सरनोबतांनी सुटकेचा श्वास सोडला.

"पण आज न्हाय पडला. गेल्या दसऱ्याच्या आधी पडलाय. आणि एक न्हाय, दोन. कुठल्या रॉकेटचे, ते पुण्याचे लोक सांगतील. कुठंतरी उसात पडले असतील, कुणीतरी भंगारात घातले, आणि ते इथं आले. एक भट्टीत गेला. बंद होता, भोक न पाडताच टाकला. भट्टी फुटली, सयाजी गेला. त्या दिवशीच्या पांढऱ्या ठिणग्या आणि ह्याच्या ठिणग्या एकच आहेत, बाळासोनं दोन्ही बघितल्यात."

"आणि दुसरा?" फोनमधून आवाज आला.

"ज्यानं पहिला टाकला त्यानं दुसरा वाळूत पुरला. पुरावा होता तो. पण पहिला फुटताना बघितलेल्या माणसाला बंद गोळा जवळ ठेवून झोप येईना. फाउंड्रीत हाडं घासलेला माणूस आहे, बंद वस्तू त्याला बघवत न्हाय. म्हणून त्यानं गुपचूप ड्रिल मारला. धातू चिवट, ड्रिल मोडला. आणि मोडका देऊन नवा घेतला, कारण नियमच तसा. नियम त्यानंच केलेला. बोटांना सवय, डोक्याला कळलंच न्हाय काय करतोय ते."

"नाव सांगा हत्तरकी."

"सांगतो. कृष्णातवर आळ होता. त्याला वाळूतल्या गोळ्याचा वास लागला आणि आज सुट्टी बघून त्यानं उकरून काढला. तिथंच त्याच्या डोक्यात मागनं घाव घातला. मग तासाभरानं, रक्त सुकल्यावर, वरचा पत्रा पहारीनं फोडला. मीरची बातमी ताजी होती. मेला समजून मला फोन केला. मी म्हटलं जित्ता हाय. तेव्हा हे मालकांना फोन करायला पळाले. मालक आगगाडीत आहेत. आगगाडीत कुठला फोन लावला, सरनोबत?"

सरनोबत फाटकापासून एक पाऊल मागं सरकले.

"तो पुण्याचा प्राध्यापक इथनंच बोलला सर. भोक दिसणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं, वायू गळतोय म्हणून. पण भोक वाळूत होतं. मी गोळा उलटा करेपर्यंत इथल्या कुणालाच ते दिसलं नव्हतं. मग पेन्सिलीएवढं ते पुण्यात कसं दिसलं? आणि आम्ही सगळे कोपऱ्यात मरत होतो तेव्हा हा माणूस गोळ्याशेजारी बसून पुरणपोळी खात होता. आत वायू न्हाय, हे एकट्या ह्यालाच माहीत होतं." त्यांनी खिशातला कागद उघडून गजांजवळ धरला. "ड्रिल आठ एमएम. मोडणारा, वि. सरनोबत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली तारीख आहे."

"बकवास आहे ही," सरनोबत ओरडले, पण आवाज चिरकला. "त्या बाईला विचारा. तिचंच वैर होतं त्याच्याशी!"

झुंबरबाई उठली. सावकाश चालत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"गोळा कुणी टाकला भट्टीत?"

सरनोबत खाली बघायला लागले.

"माझ्याकडं बगून सांगा, सायेब."

"गाडीचा माल वेळेत पाठवायचा होता," ते पुटपुटले. "भोक पाडत बसायला वेळ नव्हता. कृष्णात नको म्हणत होता. मीच ढकलला. मला काय माहीत होतं..."

तिनं हात उचलला नाही. वळली आणि परत फळीपाशी जाऊन बसली.

"सर," हत्तरकी फोनमध्ये म्हणाले, "जे काही आत होतं ते दिवाळीआधीच उडून गेलंय. एक वाजून पंधरा मिनिटं झाली. साखळी काढा."

"तुमची खात्री?"

हत्तरकींनी रिसिव्हर बाळासोच्या हातात दिला. गोळा उचलून फाटकाशी आणला, भोकाला नाक लावलं आणि सगळ्यांसमोर छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एकदा. वाळूचा आणि गंजाचा वास आला, बाकी काही नाही.

बाहेर साखळी खळखळली. डॉक्टर आणि दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत धावली. बाहेरून आलेल्या हवालदारानं सरनोबतांच्या दंडाला धरलं. हत्तरकी उघड्या फाटकाला पाठ लावून उभे राहिले, चुकूनही ते परत बंद होऊ नये म्हणून.

कृष्णातला ॲम्ब्युलन्समध्ये घेतलं. त्याच्या ओठांची हालचाल झाली, आवाज नाही. मागोमाग झुंबरबाई चढायला लागली, तेव्हा डॉक्टरनं तिला अडवलं.

"फक्त घरचं माणूस. तुम्ही कोण ह्यांच्या?"

ती पायरीवर थांबली. तिनं एकदा आत बघितलं.

"कृष्णात हाय त्यो," ती म्हणाली. "माझ्या मालकाचा भट्टीवरचा जोडीदार. सरका बाजूला."

डॉक्टर सरकला.